लास पेतासचा कान

त्या ऑगस्टात मी, विमानांचा मेस्त्री, लास पेतासच्या गुरांच्या वाड्यावर गेलो तो एका मोडक्या चाकासाठी. आमच्या कंपनीच्या एका नवशिक्या वैमानिकाने तिथल्या धावपट्टीवर उतरताना तातूच्या बिळात पुढचं चाक घातलं आणि विमान नाकावर बसवलं. तातू हे आमच्याकडचं चिलखती जनावर, एका रात्रीत घागरीएवढं भोक पाडतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण वैमानिकांना डोळे दिलेले असतात, असं माझं आपलं मत.

आमची तापाकारे कंपनी म्हणजे तीन विमानं, पत्र्याची एक शेड, एक रेडिओ आणि मांस तोलायचा एक काटा. त्याच काट्यावर प्रवासीही तोलायचे. जाताना आम्ही मीठ, बॅटऱ्या, डिझेल, कधी एखादी नवरी घेऊन जायचो. येताना गुरांच्या वाड्यांवरून मांस आणायचो, आणि आजारी माणसं. बोलिव्हियाच्या या बेनीच्या मैदानात पावसाळ्यात रस्ता म्हणून काही उरत नाही आणि कोरड्या दिवसांत तो असूनही कुठे पोहोचवत नाही, म्हणून आमचं पोट चालतं. विमान कितीही धुतलं तरी आतला रक्ताचा वास जात नसे. बाळंतिणी त्याच वासात निजून गावापर्यंत यायच्या.

मला पोहोचवायला आला तो ओस्वाल्दो. त्याने माझ्या मिर्ताला बाप्तिस्म्याच्या दिवशी हातांवर घेतलं, तेव्हापासून तो तिचा धर्मपिता आणि आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाच्या वरचं. मिर्ता तेव्हा लहान होती. शेडमध्ये विमान उभं असलं की ती ओस्वाल्दोच्या मांडीवर बसून हँडल फिरवायची, आणि तो तिला सांगायचा, "तुझे पाय पेडलला पुरले की मीच तुला शिकवणार. तुझ्या बापाला विचारायचं नाही."

लास पेतासला मला उतरवून, चाक मोडणाऱ्याला मागच्या सीटवर कोंबून तो निघाला, तेव्हा त्याने आभाळाकडे बघून नाक ओढलं.

"कोम्पाद्रे, धूर येतोय. लवकर आटप."

"तुम्ही लोक मोडतोड थांबवा, मग मी आटपतो."

"तुझ्या हातचं इंजिन आणि तुझ्या बायकोच्या हातचा मासाको, दोन्ही खाली उतरताना जरा अडतात, पण उतरतात," असं म्हणून तो हसला आणि दार ओढून घेतलं. मासाको म्हणजे कुटलेली केळी आणि सुकं मांस. माझी बायको तो फार कोरडा करते, हे खरं आहे.

धूर दुसऱ्या दिवशी आला. आमच्याकडे त्या महिन्यांत सगळे कुरणं जाळतात. नवं गवत यावं म्हणून जाळतात, शेजाऱ्याने जाळलं म्हणून जाळतात, हातात काडेपेटी आहे म्हणूनही जाळतात. वारा पडला की तो सगळा धूर मैदानावर बसतो आणि हलत नाही. भर दुपारी कंदील लावावा लागतो. कोंबड्या दुपारीच खुराड्यात शिरतात. त्या काळी विमानात उपग्रहाची यंत्रं नव्हती, त्यामुळे धुराच्या महिन्यांत सगळ्या वाड्यांच्या धावपट्ट्या बंद असायच्या. उघडी असायची फक्त लास पेतासची, आणि ती दोन्या एर्लिंदाच्या कानामुळे.

दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब, आणि दोन्या एर्लिंदा ही त्या वाड्याची मालकीण. विधवा, काटकुळी, ओठांत कायम विझलेला चिरूट. ओसरीवर तिचा रेडिओ होता. धुरात विमान आलं की ती खुर्चीवर बसायची, डोळे मिटायची, माईक तोंडाशी धरायची आणि वरच्या इंजिनाचा आवाज ऐकत सांगत राहायची. नदीवर आहेस, डावीकडे वळ. अजून थोडा. आता माझ्या डोक्यावरून गेलास. सरळ जा. आता वळ. आता उतर. आणि धुरातून विमान धावपट्टीच्या तोंडाशी बाहेर पडायचं. आमचे सगळे वैमानिक तिच्या शब्दावर डोळे मिटून उतरलेले आहेत. या कामाचा नियम एकच. कान बोलत असला की दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. एकच आवाज. वैमानिकाने दोन आवाज ऐकले की तो दोघांच्या मधे कुठेतरी आपटणार.

तिचा मुलगा आदेमार आमच्याच कंपनीत वैमानिक होता. आदल्या वर्षी, अशाच धुरात, तो घरी यायला निघाला आणि पोहोचला नाही. त्या दिवशी दोन्या एर्लिंदा घरी नव्हती. शेजारच्या वाड्यावर कुणी वारलं होतं, तिथे ती बसायला गेली होती. मागे राहिलेल्या स्वयंपाकिणीने, म्हाताऱ्या हासिंताने, विमान ऐकलं. ते वाड्यावर घिरट्या घालत राहिलं. ओसरीवर रेडिओ त्याच्या आवाजात "आई, आई" म्हणत होता आणि हासिंताला बटण कुठलं दाबायचं ते ठाऊक नव्हतं. मग पेट्रोल संपलं असावं. दलदलीत ना विमान मिळालं, ना आदेमार.

ते विमान मी ओळखत होतो. त्याच्या सायलेन्सरला तडा गेला होता आणि मी त्यावर पत्र्याचं ठिगळ मारलं होतं. वैमानिकाने रेस कमी केली की त्या ठिगळातून बारीक शीळ वाजायची. मी ते नीट करून देतो म्हटलं तर आदेमार नको म्हणाला होता. "मेस्त्री, राहू द्या. शीळ ऐकली की आई चुलीवर कॉफी ठेवते."

चाक मी बसवलं, पण पंखा वाकला होता आणि नवा पंखा ओस्वाल्दो पुढच्या खेपेला आणणार होता. तोवर मी ओसरीवर हॅमॉकमध्ये पडून खोकत होतो. घरात आम्ही चौघंच. दोन्या एर्लिंदा, हासिंता, मी, आणि दोन्याची मुलगी नोएमी. नोएमी पोटुशी होती, महिने भरायचे होते, आणि तिचा नवरा गुरं घेऊन ब्राझीलच्या बाजूला गेलेला. गोड मुलगी. मला "मेस्त्री, माझ्या बाळाला चाकं लावून द्याल का?" असं विचारायची.

तिसऱ्या सकाळी तिला रक्त जायला लागलं.

हासिंताने चादरी बदलल्या, पुन्हा बदलल्या आणि मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. दोन्या एर्लिंदाने रेडिओवर कंपनीला हाक मारली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. ओस्वाल्दोनेच उत्तर दिलं.

"मी सिस्टर पेत्रोनाला घेऊन येतो. ती रक्ताच्या बाटल्या घेतेय. कॉफी ठेवा."

"इथे काही दिसत नाही, ओस्वाल्दो."

"तुम्ही आहात ना. मला दिसायची गरज काय?"

माझा जीव जरा भांड्यात पडला. नोएमीला मी दारातूनच सांगितलं, "तुझं विमान निघालंय." तिने हात वर केला. हात अगदी पांढरा होता.

दुपार झाली तेव्हा बाहेर संध्याकाळसारखं तपकिरी झालं होतं. अंगणातला आंब्याचा बुंधा दिसत नव्हता. गुरं कधी येऊन घराला चिकटून उभी राहिली ते कळलंच नाही. त्यांचे श्वास ऐकू यायचे, ती दिसायची नाहीत. वास जळलेल्या गवताचा होता, आणि त्याखाली आणखी कसला तरी. दोन्या एर्लिंदा खुर्चीवर बसली, तिने चिरूट बाजूला ठेवला आणि डोळे मिटले. मी तिच्याजवळ कंदील धरून उभा होतो. तिला कंदिलाचा उपयोग नव्हता. तो माझ्यासाठी होता.

इंजिन दक्षिणेकडून आलं. एकसारखा, मऊ आवाज. ते इंजिन मी महिनाभरापूर्वीच पूर्ण उघडून बांधलं होतं, माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक नट मला त्यात ऐकू येत होता.

"ओस्वाल्दो आला," मी म्हणालो.

दोन्याने माईक उचलला. "ऐकतेय तुला. दक्षिणेकडे आहेस, लांब आहेस. असाच ये."

"येतो," रेडिओ म्हणाला. "इथे तर दुधात बसल्यासारखं आहे. सिस्टर पेत्रोना माळ जपतेय. मी तिला सांगितलं, देवापेक्षा दोन्याचं ऐक."

मी हसलो. आणि मग उत्तरेकडून, दलदलीच्या बाजूने, दुसरं इंजिन आलं.

आधी मला वाटलं, आवाज धुरात फिरून येतोय. पण ते जवळ आलं. वरून गेलं. जाताना त्याची रेस कमी झाली आणि त्यातून बारीक शीळ वाजली.

स्वयंपाकघरात हासिंताच्या हातातून काहीतरी पडलं. मी वर बघितलं, वर तपकिरीशिवाय काही नव्हतं. दोन्या एर्लिंदाचे डोळे मिटलेलेच होते, फक्त तिचा चेहरा बदलला होता. आजारी माणसाचा ताप उतरला की चेहरा सैल होतो, तसा.

"दोन्या…" मी म्हणालो.

तिने बोट ओठांवर ठेवलं.

रेडिओवर कुणीतरी बटण दाबलं. बोललं कुणीच नाही. नुसता उघड्या माईकचा घरघराट होता, आणि त्याच्या मागे, अगदी जवळ, ती शीळ. मग बटण सुटलं.

"हे कोण होतं?" ओस्वाल्दोने विचारलं. "दोन्या, वर आणखी कुणी आहे का?"

वरचं इंजिन घिरटी घालून पुन्हा आलं. तिची मान त्याच्यामागे हळूहळू फिरत होती. मग ती माईकमध्ये म्हणाली, "डावीकडे ये, राजा. डावीकडे… हां."

"डावीकडे," ओस्वाल्दो म्हणाला. "राजा? आज लाडात आलात की दोन्या."

ती आमच्या कुणाला कधी राजा म्हणाली नव्हती. आम्हाला ती गाढवं म्हणायची.

वरची शीळ डावीकडे वळली. लांब दक्षिणेकडचं मऊ इंजिनही वळलं. ते वळलं ते नदीकाठच्या रानाकडे, जिथे झाडं उंच आहेत.

मी वाकून तिच्या कानाशी गेलो. "दोन्या, हा ओस्वाल्दो नाही. वर आहे तो ओस्वाल्दो नाही. ओस्वाल्दो तिकडे आहे…"

"मला ठाऊक आहे," ती कुजबुजली.

"अहो मग…"

"त्या दिवशी मी नव्हते, मेस्त्री. मी होते का सांगा? मी दुसऱ्याच्या मढ्याशी बसून रडत होते." तिने डोळे उघडले नाहीत. "आज आहे मी. आज त्याला उतरवते. मग तुमच्या त्याला…"

"नोएमी जाईल तोवर!"

तिचा ओठ थरथरला. तेवढाच. आतून नोएमीची हाक आली, अगदी बारीक.

"आई… विमान आलं का?"

"आलं, बाळा," दोन्या एर्लिंदा म्हणाली. आणि माईकमध्ये म्हणाली, "आता सरळ ये. खाली ये. आणखी खाली."

मी तिच्या हातातून माईक हिसकावला. "ओस्वाल्दो! वर ओढ! वर जा! ती तुला सांगत नाहीये—"

पण माझ्या तोंडून त्याचं नाव निघतंय तोच त्यानेही बटण दाबलं. दोघांनी एकदम बटण दाबलं की कुणालाच काही ऐकू येत नाही, रेडिओत नुसता किंकाळीसारखा आवाज येतो. तो थांबला तेव्हा ओस्वाल्दो बोलत होता, जरा रागावून.

"…कोम्पाद्रे, तू आहेस का तो? बाजूला हो. एकच आवाज. तुला नियम सांगायचा का मी? दोन्या, बोला. मी खाली येतोय. सांगा."

"ओस्वाल्दो, ऐक माझं, तिच्या—"

पुन्हा ती किंकाळी. तो बोलतच होता, तिला विचारत होता. तो नियमाने वागणारा वैमानिक होता. दोन्या एर्लिंदाने माझ्या हातातून माईक काढून घेतला. तिच्यात एवढी ताकद कुठून आली ठाऊक नाही, माझं बोट त्यात मुरगळलं, अजून वाकत नाही.

"आता उतर, राजा," ती म्हणाली. "आईकडे उतर."

"उतरतोय," ओस्वाल्दो म्हणाला.

शीळ आमच्या डोक्यावरून खाली आली, इतकी खाली की पत्रे हलले. धावपट्टीवर चाकं टेकल्याचा आवाज आला. तो मला पाठ आहे, त्यात चूक होणं शक्य नाही. आणि त्याच क्षणी लांब नदीकडे ते मऊ इंजिन थांबलं. स्फोट नाही, धडाका नाही. नुसतं थांबलं. मी बांधलेलं इंजिन असं मधेच थांबत नाही.

दोन्या एर्लिंदा कंदील हिसकावून धुरात धावली. मी तिच्या मागे गेलो. का गेलो? मी दक्षिणेकडे धावायला हवं होतं. पण पाय तिकडेच गेले.

धावपट्टीवर समोरून चाकं येत होती. खडखड, खडखड, थेट आमच्याकडे. मी तिला बाजूला ओढलं. काहीतरी मोठं आमच्या शेजारून गेलं. तापल्या तेलाचा वास आला, शिळ्या रक्ताचा वास आला, पंख्याचा वारा माझ्या तोंडावर आला आणि कंदील विझता विझता राहिला. मग ते थांबलं. पंखा थबकला. गरम लोखंड निवताना टिकटिकतं, तशी टिकटिक सुरू झाली, हातभर अंतरावरून. तिने कंदील उंच धरला. तिथे गवत होतं आणि धूर होता.

ती हात पुढे करून चाचपत फिरली. आंधळ्यासारखी.

"आदेमार… उतर ना रे बाळा. दार उघड. मी आहे. बघ, आज मी घरी आहे…"

टिकटिक थांबली. कितीतरी वेळ काहीच नव्हतं. मग उत्तरेकडून, दलदलीच्या बाजूने, इंजिनाचा आवाज आला. ते आमच्या डोक्यावर आलं, रेस कमी झाली, शीळ वाजली, आणि ते घिरट्या घालायला लागलं. मघासारखंच. आम्ही त्याला उतरवलंच नव्हतं जणू.

दोन्या एर्लिंदा गवतात बसली. ती रडली नाही. घशातून तिने एक आवाज काढला, तो मी कुणा माणसाचा ऐकला नव्हता, पुढेही ऐकायची इच्छा नाही.

आम्ही परत आलो तेव्हा नोएमीचे डोळे दाराकडेच होते. "उतरलं ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तिने मान हलवली, आणि नर्सची वाट बघत बघत ती अंधार पडायच्या आत गेली. बाळही गेलं.

ओस्वाल्दो आणि सिस्टर पेत्रोना पहिल्या पावसानंतर सापडले, नदीकाठच्या रानात, उंच झाडांच्या खाली. कोम्पाद्रेच्या मुठीत माईक होता.

लोक मला विचारतात, तू त्या बाईचं काय केलंस? मी तिचा गळा दाबायला हवा होता. मी तिच्यासाठी कॉफी ठेवली आणि ती थंड होईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिलो. तिचा राग यायला माझ्यात काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर दरवर्षी धुराच्या दिवसांत मी होडीने लास पेतासला जातो. बायको म्हणते, मला वेड लागलंय. लागलं असेल. पण ओस्वाल्दोच्या थडग्यावर मी जातो तेव्हा तिथे मला काही ऐकू येत नाही. लास पेतासला येतं.

आता तिथे दोन इंजिनं येतात. एक शीळवालं आणि एक मऊ, मी बांधलेलं. दुपारी तपकिरी झालं की आम्ही ओसरीवर बसतो, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या पालकांसारखे. हासिंता आता नाही. दोन्या एर्लिंदा फार म्हातारी झाली आहे, पण कान तसाच आहे. रेडिओवर मधूनच बटण दाबल्याचा घरघराट येतो, आणि मग ओस्वाल्दोचा आवाज, दमलेला. "दोन्या, बोला. मी खाली येतोय. सांगा." ती माईकला हात लावत नाही. मी तिला एकदा विनवलं होतं, निदान त्याला तरी उतरवा, त्याची चूक काय? ती म्हणाली, "एकाला सांगितलं की दुसरा ऐकतो, मेस्त्री. आणि वर आणखी कोण कोण ऐकत असेल, कुणास ठाऊक." मग आम्ही चिवे पितो, पाण्यात कालवलेलं कसावाचं पीठ, आणि ते दोघं डोक्यावर फिरत राहतात.

गेल्या ऑगस्टात तिसरं आलं.

ते वेगळं होतं. दोन इंजिनांचं विमान, दोन्ही एकमेकांशी जुळत नव्हती, त्यामुळे आवाज जड होऊन हलका होत होता. आणि रेस कमी झाली की डावं इंजिन तीनदा ठोकायचं, दारावर कडी वाजवावी तसं. दोन्या एर्लिंदाने माझ्याकडे तोंड वळवलं.

"हे कुणाचं?"

"आमच्याकडे दोन इंजिनांचं विमान कधी नव्हतंच," मी म्हणालो. मला खरं तर हायसं वाटलं. "कुणी बाहेरचा असेल."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने असं याआधी कधी केलं नव्हतं.

मिर्ताचे पाय केव्हाच पेडलला पुरले. ओस्वाल्दो शिकवायला नव्हता, तर ती सांता क्रूसला जाऊन शिकून आली. बापाला विचारलं नाही. दोन वर्षं झाली ती तापाकारेत उडते. चांगली उडते, माझ्याहून हट्टी आहे, आणि काट्यावर चढताना मांसवाल्यांशी भांडते की त्यांनी काटा पुसला नाही. आता विमानात उपग्रहाची यंत्रं असतात, ती धूर बघून हसते.

मागच्या महिन्यात मालकाने ब्राझीलमधून जुनं विमान आणलं. मिर्तासाठी. ती शेडमध्ये नाचलीच. "बाबा, चालू करून बघा ना!" मी आत बसलो, दोन्ही इंजिनं चालू केली. ती जुळेनात. आवाज जड होऊन हलका होऊ लागला. मी रेस कमी केली आणि डावं इंजिन तीनदा ठोकलं.

तिला मी काही सांगितलं नाही. काय सांगायचं? मी ते इंजिन उघडलं, झिजलेलं सगळं बदललं, पुन्हा बांधलं. तीनदा ठोकलं. दुसऱ्यांदा उघडलं. तीनदा ठोकलं. मग मी दोन्ही इंजिनांचे सगळे प्लग काढले, फडक्यात गुंडाळले आणि पँटच्या खिशात घालून फिरू लागलो. मिर्ता विचारते, "कधी होणार?" मी म्हणतो, प्लग यायचेत. मालक चिडलाय. चिडू दे.

आज वारा पडला. दुपारी शेडमध्ये दिवा लावावा लागला. यंत्रं असली तरी मालकाने सगळ्या उड्डाणांना सुट्टी दिली होती, मिर्ता रेडिओच्या टेबलावर पाय सोडून बसली होती आणि संत्रं सोलत होती. नवं विमान आमच्यासमोर उभं होतं. प्लग माझ्या मांडीला टोचत होते.

तेव्हा वरून तो आवाज आला. जड, हलका, जड, हलका. तो शेडवरून गेला. पत्रे हलले. रेस कमी झाली आणि त्याने तीनदा ठोकलं.

मिर्ताने वर बघितलं. मग समोरच्या विमानाकडे बघितलं.

रेडिओचं बटण दाबलं गेलं. घरघराट झाला, आणि त्यातून माझ्या मुलीचा आवाज आला, घाबरलेला, ती लहानपणी अंधारात मला हाक मारायची तसा.

"बाबा… मला काही दिसत नाहीये. कुठल्या बाजूने येऊ, बाबा?"

मी माईक उचलला होता. माझं बोट बटणावर होतं. दोन्या एर्लिंदाला मी काय काय म्हणालो होतो, ते सगळं मला त्या क्षणी आठवलं. रेडिओ तेच पुन्हा पुन्हा विचारत होता.

मिर्ता टेबलावरून खाली उतरली. अर्धं सोललेलं संत्रं तिच्या हातातच होतं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण आवाज शांत होता.

"बाबा," ती म्हणाली, "उत्तर द्या ना तिला. किती वेळची विचारतेय ती."